एक कणीस, अडीच अंश

दिलेले

एक बंब. त्यात चाळीस लिटर पाणी. पाण्याचं सुरुवातीचं तापमान पंधरा अंश धरू, कारण पौष चालू आहे आणि बोरीच्या मळ्यात रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी हाताला चावतं.

एक न्हाणीघर. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून, बाहेर अंगणात, हा बंब.

न्हाणीघरात बिबट्याचं पिल्लू.

अंगणात त्या पिल्लाची आई.

न्हाणीघराच्या स्लॅबवर, बंबाच्या बरोबर वर, माझी सासू.

काढायचे

किती वेळ आहे.

आधी थोडं मागं

मी प्राची. आळे गावात दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. पाणी तापवायची गणितं मी इतक्यांदा फळ्यावर सोडवली आहेत, की झोपेत विचारलं तरी सांगेन. उष्मा म्हणजे वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातली वाढ. पण फळ्यावरच्या पाण्याजवळ कधी कुणी बसलेलं नसतं.

उजाडायच्या आधी आत्या उठल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, साळुबाई. पडवीचं मागचं दार उघडून त्या अंगणात गेल्या, बंब पेटवला. मी चुलीपुढं नाही, गॅसपुढं, परातीत ज्वारीचं पीठ घेऊन बसले होते. मामा, म्हणजे माझे सासरे कुंडलिक, खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दारात उभे होते. रोज पहिली आंघोळ त्यांची.

आमचा कुत्रा टिप्या मागच्या दारानं आत आला. भुंकला नाही, काही नाही. पोट जमिनीला घासत सरळ माझ्या मागं.

त्याच्या मागं पिवळं काहीतरी.

पडवीच्या फरशीवर त्याचे पाय घसरले. टिप्या वळला तिथं त्याला वळता आलं नाही. ते मामांच्या पायाजवळून सरळ न्हाणीघरात गेलं. मामांनी दार ओढलं. विचार करून नाही, हात गेला म्हणून.

मी मागच्या दाराकडं धावले. अंगणात दुसरी उभी होती. मोठी. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, आणि ती एवढ्या जवळ असल्यावर तो शब्द मला चुकीचा वाटला नाही. तिच्या पलीकडं आत्या बांबूच्या शिडीवर, अर्ध्यात.

"दार लाव!" आत्या ओरडल्या.

मी दार लावलं.

आत्या बाहेर असताना.

मांडणी

स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत. तिथून अंगणाचा कोपरा दिसतो. बंब, बंबाचं धुराडं, स्लॅबची कड, आणि कडेला आत्यांचे पाय. शिडी त्यांनी वर ओढून घेतली होती. स्लॅबवर पाण्याची काळी टाकी, आणि टाकीशेजारी सरपण, दाणे काढलेली मक्याची वाळकी कणसं पाटीत भरून ठेवलेली. दवानं ओली होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकखाली.

मामा न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून खाली बसले होते. कडी बारीक, नावाला. त्यांनी वासराचं दावं कडीला गुंडाळलं, दुसरं टोक हाताला, आणि पाय समोरच्या भिंतीला रोवले. आतून धडक बसली की मामांचं सगळं अंग हलायचं.

वनखात्याला फोन लावला. वनरक्षक आशाताई होत्या. त्यांचा नंबर आमच्या मळ्यात सगळ्यांकडं आहे.

"आत पिल्लू हाय ना? मग मादी हलायची न्हाई तिथून. कुणी दार उघडू नका. आमी कळंबच्या पुढं हाय, पिंजरा उतरवतोय. तास लागंल."

"सासूबाई वरती आहेत."

"वरती ठीक हायेत. खाली उतरू देऊ नका."

वरती ठीक आहेत. मी ते वाक्य धरून बसले. वरती आहेत, शिडी वर आहे, खाली जाळ आहे. जाळाला जनावर भितं. वाघीण अंगणात बसली होती, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आत्यांनी पाटीतून एक कणीस घेतलं आणि धुराड्याच्या तोंडात वरून सोडलं. आमच्या बंबाला जळण वरूनच घालतात. जाळ फुरफुरला, अंगणात उजेड पडला, वाघीण दोन पावलं मागं सरली.

आत्यांनी आणखी एक सोडलं.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आणि मग माझी नजर बंबाच्या तोंडावरच्या पट्टीवर गेली.

बंबाबद्दल

जुना बंब तांब्याचा होता. त्याला वर तोंड होतं. तोंडात गार पाणी ओतायचं, तोटीतून गरम पाणी बादलीत पडायचं. त्यासाठी पहाटे अंगणात उभं राहावं लागायचं.

मागच्या वर्षी उसाच्या कडेला वाघीण दिसली आणि गोरख म्हणाला, आता अंधारात बादली घेऊन कुणी बाहेर जायचं नाही. गोरख माझा नवरा. आळेफाट्याला त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्यानं पत्र्याचा नवा बंब केला. स्लॅबवरच्या टाकीतून एक पाइप बंबात, बंबातून दुसरा पाइप भिंतीतून न्हाणीघरात, त्याला नळ. आत उभं राहून नळ सोडायचा, गरम पाणी. बाहेर फक्त पेटवायला एकदा जायचं.

टाकी वर असल्यामुळं बंबाच्या तोंडातून पाणी उतू जायला लागलं. गोरखनं तोंडावर पट्टी बसवून पितळानं झाळली.

मग तापलेलं पाणी उलटं टाकीत चढायला लागलं, पाइप मऊ पडला. गोरखनं बंबाच्या आधी एनआरव्ही, म्हणजे एकेरी झडप, बसवला. आमच्याकडं प्रत्येक विहिरीवरच्या मोटरीला तो असतो. पाणी पुढं जातं, माघारी येत नाही. शेतकऱ्याच्या पोराला याहून शहाणपणाची वस्तू माहीत नाही. पाणी माघारी जाणं म्हणजे वाया जाणं. आणि मऊ पडलेला प्लॅस्टिकचा पाइप काढून त्यानं लोखंडी टाकला.

वर्षभर सगळं नीट चाललं, कारण बंब पेटला की लगेच मामा आंघोळीला जायचे. नळ सुटायचा. मग मी. मग गोरख. पाणी चालतं राहायचं.

आज नळ कुणी सोडला नव्हता.

वरचं तोंड बंद. मागची वाट बंद. पुढची वाट न्हाणीघरात, नळाशी, आणि नळाशेजारी बिबट्या.

वाघिणीच्या भीतीनं आम्ही तो बंब असा केला होता.

सूत्र

परातीतल्या पिठावर बोटानं मांडलं. दुसरं काही हाताशी नव्हतं.

चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. पंधरापासून शंभरापर्यंत, पंच्याऐंशी अंश. चाळीस गुणिले पंच्याऐंशी.

तीन हजार चारशे किलोकॅलरी.

एक वाळकं कणीस पन्नास ग्रॅमचं धरलं, तर जळून दोनशे किलोकॅलरी देतं. अर्धी धुराड्यातून वर जाते, आत्यांच्या पायाला शेक देते. उरली शंभर. शंभर भागिले चाळीस.

एक कणीस, अडीच अंश.

चौतीस कणसं, की पाणी उकळलं.

उघड्या भांड्यात तिथं सगळं थांबतं. मी वर्गात हे दोन-दोनदा सांगते. उकळायला लागल्यावर कितीही जाळ घाला, पाणी शंभराच्या वर जात नाही. एकेक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात, सगळा उष्मा त्यात जातो आणि वाफेबरोबर निघून जातो.

बंद भांड्यात तो कुठं जाईल?

हे वर्गात कुणी विचारत नाही. परीक्षेला येत नाही.

उकल

आत्यांचा फोन त्यांच्या कमरेच्या पिशवीत असतो. मी लावला. मोठी घंटा वाजली, आगीच्या बंबाच्या गाडीसारखी, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून गोरखनं ठेवलेली. वाघीण उठून उभी राहिली. आत पिल्लानं दाराला धडक दिली. मामा म्हणाले, "आई गं."

"हां, बोल."

"आत्या, कणसं टाकू नका."

"काय?"

"कणसं! बंबात! टाकू नका आता!"

"वराडू नगं, तिला राग येतोय. आगं जाळ कमी झाला की ती पुढं सरकतीय. म्या बघितलंय डोळ्यानं."

"बंब फुटेल."

"बंब?" त्या हसल्या. अशा वेळीसुद्धा. "पाणी तापतं, उकाळतं, उकाळत ऱ्हातं. चाळीस वर्सं बंब पेटवतीया म्या. आता तू मला पाणी तापवायला शिकीव."

"जुन्या बंबाला तोंड होतं. याचं तोंड गोरखनं बंद केलंय."

"लई चांगलं केलं. घरात आनखी दोन-तीन तोंडं हायेत, त्यांचंबी बघ म्हनावं."

फोनमधून मला एक कणीस पडल्याचा आवाज आला. पोकळ, धुराड्यातून खाली जाणारा.

अडीच अंश.

"आत्या, आतापर्यंत किती टाकली?"

"मोजून कोन टाकतंय?"

"पाटी किती भरली होती?"

"शिगोशीग."

"आणि आता?"

पाटी ओढल्याचा आवाज आला. त्या बघत असाव्यात.

"बुडाला आली," त्या म्हणाल्या.

शिगोशीग पाटी म्हणजे पन्नास-साठ कणसं. मला चौतीस हवी होती. पिठातलं उत्तर मी तळव्यानं पुसलं. ते चुकलं नव्हतं. वेळ किती आहे ते मी काढत बसले होते, आणि वेळ आधीच होऊन गेली होती.

उकल (पुढे)

गोरखला फोन. तो रात्रीच पुण्याला खिडक्यांचा माल पोचवायला गेला होता. परत येताना चाकणच्या गर्दीत अडकलेला. हॉर्न ऐकू येत होते.

सगळं सांगितलं. हॉर्न ऐकू येत राहिले.

"गोरख?"

"आईला तिथनं खाली घे."

"खाली वाघीण आहे."

"मग... नळ..."

"नळ पिल्लाजवळ आहे. पत्रा किती सोसेल?"

"पत्रा सोसंल. झाळण न्हाई सोसायची." तो श्वास घेत होता. "प्लॅस्टिकचा पाइप असता ना, तर आधी तोच फुटला असता. बरं झालं असतं. मीच लोखंडी टाकला. मजबूत असावा म्हणून."

"ते आता बोलू नको."

"प्राची, आईला लांब कर. कसंबी कर."

न्हाणीघराचा स्लॅब केवढा असतो! चार पावलं गेलं की टाकी, टाकीच्या मागं उतरती पत्र्याची पडवी, म्हातारं माणूस त्यावरून घसरलं तर सरळ अंगणात. आत्यांना लांब करायला लांब अशी जागाच नव्हती.

मी पुन्हा आत्यांना लावला. घंटा. धडक. "आई गं."

"आत्या, बंबाच्या तोंडावर जी पट्टी आहे ती दिसते का?"

"दिसती की. पायाखालीच हाय."

"कशी दिसते? सपाट?"

"सपाट कशाची? फुगलीया. सातव्या म्हयन्याच्या बाईवानी." मग आवाज जरा खाली. "आन् बारीक शिट्टी वाजतीया गं. मघाधरनं. मला वाटलं माझ्या कानात हाय."

मी मामांकडं वळले.

मामांनी ऐकलं होतं. ते दावं हातावरून सोडवायला लागले.

"मामा, काय करताय?"

"दार उघाडतो. नळ सोडतो. येक नळ तर सोडायचाय."

"ते एवढ्या जागेत अडकलंय, घाबरलंय, तुम्हाला फाडून टाकील."

"आन् तिला तिकडं जाळावर बसवून मी हितं दोरी धरून बसू? काय बैल हाय का मी दावनीचा?"

ते उठायला गेले. त्याच वेळी आतून धडक आली आणि कडीचा एक खिळा भिंतीतून अर्धा बाहेर आला. आम्ही दोघांनी तो पाहिला. मामा परत बसले. त्यांनी दावं दुसऱ्या हातालाही गुंडाळलं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"आगं ए," मामा म्हणाले. "ऐक पोरीचं."

"तुमी मधी बोलू नगा," आत्या म्हणाल्या. "दार धरा नीट."

आणखी एक कणीस पडलं. पोकळ आवाज. मी ते थांबवू शकले नाही. अडीच अंश, अडीच अंश, वस्तुमान गुणिले, अडीच, चाळीस गुणिले काय, मी काय म्हणून सांगणार आहे या बाईला, सूत्र सांगू? वाफेचा दाब शंभराच्या पुढं कसा वाढतो त्याचा तक्ता सांगू? तो तक्ता मलाही पाठ नाही. मी वर्गात जे सांगते त्यातलं एक वाक्य, एक तरी वाक्य—

"शेजारच्या कोंडाबाईचा कुकर आठवतो?" मी म्हणाले.

"कंचा?"

"शिट्टीत डाळ अडकली होती तो."

कणीस पडल्याचा आवाज आला नाही.

"काय झालं होतं?"

"झाकान पत्र्याला लागलं व्हतं." मग हळू, "पत्र्याला भोक पडलं व्हतं. कोंडाबाई मागं वळली व्हती म्हनून वाचली."

"तो पाच लिटरचा होता आत्या. तुम्ही चाळीस लिटरच्यावर बसलाय. आणि शिट्टी गोरखनं झाळून टाकलीय."

मला खिडकीतून त्यांचे पाय दिसत होते. ते पाय हळूच वर ओढले गेले.

अडचण

"मंग जाळ इझवू?"

"हो. टाकीतलं पाणी धुराड्यात ओता. वरूनच."

"आन् जाळ इझल्यावर ती वर आली मंजी?"

वाघीण आता बंबापासून दोन हातांवर होती. स्लॅब माणसाच्या डोक्याहून थोडा उंच. तिला ती उडी म्हणजे आपल्याला पायरी. मी तिच्या मागच्या पायांकडं बघत होते. तिथं मांस असं हलत होतं, जणू आत दुसरंच जनावर आहे.

जाळ ठेवला तर बंब. जाळ विझवला तर ती.

यातलं कुठलं आधी, ते काढायला सूत्र नाही. मी परातीकडं बघितलं. पिठावर माझ्या तळव्याचा ठसा होता, बाकी काही नाही.

"आत्या, मला माहीत नाही," मी म्हणाले.

"रडू नगं."

"मी रडत नाही."

"रड मग. पन थांब जरा." त्या विचार करत होत्या. झाळणीतून निसटणाऱ्या वाफेची शिट्टी फोनमधून आता मलाही ऐकू येत होती, किटलीसारखी, पण न थांबणारी. "जाळ वर घिते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जाळ खालीच पायजे असं कुनी सांगितलं? वर घिते. मग खालचा इझवते."

त्यांनी फोन टाकीवर ठेवला असावा. बंद केला नाही. मला त्यांचं चालणं ऐकू येत होतं.

उकल (शेवटची)

आत्यांनी पाटीतली उरलेली कणसं स्लॅबवर ओतली. पदर कमरेला खोचला. एक लांब कणीस घेऊन त्या धुराड्यावर वाकल्या.

फुगलेली पट्टी त्यांच्या छातीखाली होती.

मी डोळे मिटले नाहीत. मिटायचे होते, पण मिटले तर तेवढ्यात होईल असं वाटलं.

कणीस पेटलं. त्यांनी ते ढिगात खुपसलं. धूर झाला, नुसता धूर. परत वाकल्या. दुसरं. यावेळी ढीग धरला. त्यांच्या साडीचा रंग मला पहिल्यांदा दिसला, हिरवा.

मग त्यांनी टाकीचं झाकण काढलं. काळं, ताटासारखं खोल. ते टाकीत बुडवून भरून घेतलं. तीन-चार लिटर मावलं असेल.

मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं. "आत्या! तोंड लांब! वाफ वर येणार!"

पाण्याची वाफ व्हायला लिटरला पाचशे चाळीस किलोकॅलरी लागतात. इतका वेळ ते पाचशे चाळीस मी बंबात कोंडलेल्या पाण्यासाठी मोजत होते. आता ते आमच्या बाजूनं होते. ओत, मी मनात म्हणाले, ओत, ओत, निखारे सगळा उष्मा देऊन टाकतील, ओत.

त्यांनी मान फिरवून ओतलं.

आवाज झाला. कसा ते मला सांगता येत नाही. जमीन खोकल्यासारखा. धुराड्यातून राखेचा आणि वाफेचा खांब वर गेला आणि स्लॅब, टाकी, आत्या, सगळं त्यात गेलं. त्याच क्षणी पिवळं काहीतरी हललं. झेप होती की पळणं होतं, कळलं नाही. कुठल्या दिशेला, कळलं नाही.

फोन बंद पडला.

अंगणात पांढरं. काहीच नाही.

मामांनी विचारलं, "फुटला?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

"ती?"

"दिसत नाही."

"वर बघ."

"वरच बघतेय मामा."

मामांनी दाव्यात गुंडाळलेल्या दोन्ही हातांमध्ये तोंड घातलं. दार धडकत राहिलं. त्यांनी सोडलं नाही.

वाफ विरायला लागली. आधी बंब दिसला. उभा होता. मग धुराडं. मग स्लॅबवर लाल काहीतरी, ते पेटलेल्या कणसांचं होतं. आणि खोकला. लांबलचक, बिडी ओढणाऱ्या माणसासारखा.

"मेला जाळ," आत्या वरून म्हणाल्या. "माझाबी हात भाजला."

वाघीण गेली नव्हती. ती न्हाणीघराच्या झरोक्याखाली होती, मान वर करून. आतून पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं. ती स्लॅबकडं बघतसुद्धा नव्हती.

"अजून एक झाकण ओता," मी म्हणाले.

"वततीया. तू आता शिकवू नगं."

शिट्टी चालूच होती. ती हळूहळू खाली येत गेली. मी तिच्याबरोबर श्वास सोडत होते.

ताळा

आशाताई आल्या तेव्हा उन्हं पडली होती. चार माणसं, जाळी, फटाके, लांब काठीला लावलेलं भुलीचं इंजेक्शन. गाडीच्या आवाजानं वाघीण उसाच्या कडेला सरली, पण आत गेली नाही. मी दारातूनच ओरडले, बंबाजवळ कुणी उभं राहू नका.

"बंबाजवळ?" त्यांच्यातला एक म्हणाला. "मॅडम, मग बंबालाबी येक इंजेक्शन देऊ का?"

सगळे हसले. आत्यांनी वरून त्याला सांगितलं, "दे की. आन् मग तूच बस त्याच्यावर."

त्यांनी घरातल्या सगळ्यांना पुढच्या खोलीत कोंडलं, पडवीचं मागचं दार सताड उघडलं, दाव्याला लांब दोर जोडला आणि लांबून ओढला. न्हाणीघराचं दार उघडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फरशीवर नखांचा आवाज. मग उसाचा आवाज. मग दोघांचा मिळून.

आत्या शिडीवरून उतरल्या. डाव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी लाल, दोन ठिकाणी फोड. मामा त्यांच्याजवळ गेले आणि हाताकडं बघत उभे राहिले. त्यांच्या दोन्ही तळव्यांवर दाव्याचे वळ होते.

आशाताई हात बघत म्हणाल्या, "मावशी, एवढा जाळ कशाला केला?"

"ती भीत व्हती जाळाला."

"जाळाला?" आशाताई थांबल्या. खोटं बोलायचं का नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "मावशी, अशा वेळी मादी जाळालाबी भीत न्हाई. तिचं लक्ष पिल्लात व्हतं. तुमच्यासाठी तिला येळ नव्हता."

आत्यांनी स्लॅबकडं पाहिलं. पाटी पालथी पडली होती.

न्हाणीघरात मी गेले. कुणालाही येऊ दिलं नाही. भिंतीवर ओरखडे होते, साबणाची वडी चावलेली होती, आणि वास असा की नाकात दिवसभर राहिला. मी दारामागून, झाडूच्या दांड्यानं नळाचा खटका खाली ढकलला.

आधी पाणी आलंच नाही. वाफ आली. जाळ विझून इतका वेळ झाला होता तरी. मळ्यात सगळीकडं ऐकू जाईल एवढा आवाज करत आली, समोरच्या भिंतीवर आपटली, खोली पांढरी झाली. बाहेर हसणारी माणसं गप्प झाली. मग पाणी, थुंकत, उसळत, उकळत. ते बराच वेळ थांबलं नाही.

भुलीच्या इंजेक्शनची काठी हातात घेतलेला तो माणूस दारात आला होता. त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"आयला," तो म्हणाला, "हे आत व्हतं?"

उत्तर

गोरख आला. वाटीगत फुगलेली ती पट्टी त्यानं ग्राइंडरनं कापून काढली, एनआरव्ही काढला, टाकीचा पाइप तोडला. नळाचा पाइपही. पट्टी अंगणात पडली होती, आत्यांनी ती उचलली आणि तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं.

आता बंबाला तोंड आहे.

म्हणजे पहाटे परत अंगणात जायचं. बादली घेऊन, गार पाणी ओतायला, गरम घ्यायला. आत्यांच्या हाताला पट्टी आहे, म्हणून मी.

आज पहिला दिवस. दार उघडायच्या आधी मी कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी होते. मामा मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात काठी होती आणि ती भिंतीला लागून टकटक वाजत होती.

मी बंब पेटवला. पंधरा अंश. चाळीस लिटर. ऊस आमच्या अंगणापासून किती लांब आहे ते मी काढलं नाही.

"टाक की गं," वरून आवाज आला.

आत्या स्लॅबवर बसल्या होत्या. गोधडी पांघरून, चांगल्या हातात बॅटरी. कधी चढल्या, कुणाला कळलं नव्हतं. बॅटरीचा झोत उसाच्या कडेवरून सावकाश फिरत होता, टोकापर्यंत जाऊन परत येत होता.

"आत्या, खाली या. थंडी आहे."

"तू पान्याकडं बघ," त्या म्हणाल्या. "उसाकडं म्या बघतीया."

मी एक कणीस सोडलं. पोकळ आवाज करत ते खाली गेलं. बंबाच्या उघड्या तोंडातून थोडी वाफ आली आणि अंधारात निघून गेली.

झोत उसाच्या एका जागी थांबला.

"आत्या?"

"कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. पण झोत तिथंच होता. "टाक. मोजत टाक."

मी दुसरं कणीस उचललं.